डिश खाली आण, म्हणाली वनिता

वनिताचा रेंजचा अंदाज आयुष्यात एकदाच चुकला. आणि काय जबरदस्त चुकला राव!

आज तिला जाऊन वर्ष झालं. रडकी पोस्ट टाकली तर वरून शिव्या घालेल, म्हणून ही गोष्ट.

माजिवड्याच्या ऑफिसात आम्ही शेजारी बसायचो. दोन गच्च्यांवर दोन डिश लावून हवेतून इंटरनेट पोचवायचं, हे आमचं काम. लिंक लागणार की नाही, हे ती साइटवर जायच्या आधीच सांगायची.

लॉकडाउन लागला आणि तिच्या धाकट्या बहिणीचं लग्न मस्कतलाच करायचं ठरलं. विमानं बंद. आई खाडीपलीकडच्या गावात, वनिताही तेव्हा तिच्याजवळच. तिथे मोबाइलला एक काडी, बोलणं व्हायचं पण व्हिडिओ नाही.

आई एवढंच म्हणाली, "मना पोरीचा लगीन बगाचा हाय."

बस्स, वनिता पेटली!

माझी बिल्डिंग कोपरला, खाडीच्या तोंडावर. एक डिश माझ्या पाण्याच्या टाकीवर, दुसरी पलीकडे तिच्या आईच्या घरावर. मधलं अंतर, झाडं, तिवरं, सगळं धरून तिने हिशोब मांडला.

"मार्जिन भरपूर आहे रे. टेन्शन नको घेऊस."

टेस्ट घेतली. फुल्ल सिग्नल! मी गच्चीवर नाचलेलो.

लग्नाच्या दिवशी दुपारी नवरी हॉलमध्ये आली आणि व्हिडिओ अडकला. मग गेलाच.

वनिताचा फोन आला. मागून आईचं रडणं ऐकू येत होतं.

"डिश हलली का?"

"नाही गं!"

"मध्ये काही आलं?"

"काही नाही, नुसतं पाणी!"

ती किंचाळली, "पाणी! अरे, पौर्णिमेची भरती आहे आज!"

टेस्टच्या वेळी ओहोटी होती, खाली नुसता चिखल. आता खाडी आरशासारखी भरलेली. पाण्यावर आपटून येणारा सिग्नल सरळ येणाऱ्या सिग्नललाच खात होता.

आई रडता रडता तिच्यावर ओरडली, "कोल्याची पोर तू, भरती कशी इसरलीस गो?"

"डिश खाली आण," वनिता मला म्हणाली.

"खाली? वेडी आहेस का? अख्खं जग वर चढवतं!"

"उंची बदलली की त्या दोन सिग्नलचं भांडण मिटेल. दुसऱ्या मजल्यावर, तुझ्या गॅलरीत. पळ!"

पळालो ना! हातात डिश, पायात केबल. बायकोने गॅलरीतले ओले कपडे ओढून बाजूला फेकले. डिश ग्रिलला बांधली, हळूहळू फिरवली...

लागली! आईशप्पथ, लागली!

तिकडे मंगलाष्टकं सुरू झालेली. आई लॅपटॉपवर अक्षता टाकतेय आणि वनिता हसत ओरडतेय, "आये, कीबोर्डात नको गो!"

इतका आनंद मी पुन्हा कधी ऐकला नाही.

ती डिश अजून आमच्या गॅलरीत आहे. कपडे आम्ही आत वाळत घालतो.

आज तिचं वर्षश्राद्ध. मस्कतची बहीण त्याच लिंकवरून बघणार. सकाळी मी तिच्या आईला फोन केला.

"मावशी, दुपारी मोठी भरती आहे. लिंकचं बघायला येऊ का?"

"नको रं. माझे वनीनं लावलीय ती. भरतीत टिकंल."

आत्ता खाडी काठोकाठ भरलीय.

सिग्नल फुल्ल आहे, वने. खूप आठवण येते गं तुझी. जा आता निवांत.