बोटानं फिरणारा नट

बन्सी टायरवाल्याकडे घाईचं गिऱ्हाईक जात नाही. बोईसरहून तारापूरकडे निघालं की पाम गावाच्या अलीकडे एक पत्र्याचं दुकान लागतं, ते त्याचं. बाकी दुकानांत पाच मिनिटांत चाक बदलून मिळतं, बन्सी वीस मिनिटं लावतो. का, तर हा बाबा प्रत्येक नट आधी बोटांनी फिरवतो. पार शेवटपर्यंत. नट निमूट आत गेला तरच तो आवळायला हवेवर चालणारी गन हातात घेतो, नाहीतर चाक उतरवून पुन्हा बघत बसतो. कारखान्यांच्या गाड्यांचे ड्रायव्हर वैतागतात, 'चाचा, जल्दी करो' म्हणून हॉर्न वाजवतात. बन्सी वर मान करून बघत नाही. त्याला आता भांडायचाही कंटाळा आलाय.

खरं सांगायचं तर त्याला सगळ्याचाच कंटाळा आला होता. वय छप्पन्न. ऐन तरुणपणी बीडकडून इकडे आला, आठ वर्षं एका रंगाच्या कारखान्यात काढली आणि मग हे दुकान टाकलं. गुडघे कामातून गेलेले, उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, आणि नखांतली काळी कड तर साबणाला केव्हाच दाद देईनाशी झालेली. बायको सोजराबाई म्हणायची, लेक मार्गी लागली, आता करा की बंद ते दुकान. बन्सी म्हणायचा, बघू. हे 'बघू' गेली कित्येक वर्षं चाललेलं. बाईनं शेवटी विचारायचंच सोडलं.

दुकान बंद न करण्याचं कारण दर सोमवारी संध्याकाळी दुकानापुढे येऊन थांबायचं. धर्मेश. पामचाच माणूस. एके काळी त्याची स्वतःची मोटार होती. बोईसर स्टेशनवरून मुंबईची माणसं घेऊन केळव्याच्या किनाऱ्यावर सोडायचा. बन्सीची वैभवी बारावीला होती तेव्हा पालघरला परीक्षेला याच गाडीतून गेली, सगळे पेपर, आणि हा गडी पेपर सुटेपर्यंत बाहेर थांबायचा. परीक्षेनंतर आलेल्या दिवाळीच्या सुट्टीत केळव्याच्या रस्त्यावर गाडीचं पुढचं चाक निखळलं, गाडी एका सुपारीच्या वाडीच्या कुंपणात घुसली आणि धर्मेशचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. गाडीत दुसरं कुणी नव्हतं तेवढं नशीब. सगळे म्हणाले, खड्डा. धर्मेशही म्हणाला, खड्डा. आमच्या रस्त्यांवर खड्ड्याचं नाव सांगितलं की पुढे कुणी काही विचारत नाही.

आता तो बाजूला दोन जादा चाकं लावलेली स्कूटर चालवतो आणि कोळगावला जिल्ह्याच्या कचेऱ्यांबाहेर लोकांचे अर्ज लिहून देतो. दर सोमवारी परत येताना बन्सीकडे थांबून चारी चाकांत हवा भरतो, चहा पितो, कचेरीतल्या गमती सांगतो. बन्सीनं त्याच्याकडून हवेचा एक रुपया कधी घेतला नाही. लोक म्हणायचे, काय दोस्ती आहे बघा. बन्सी ते ऐकायचा आणि कॉम्प्रेसरचं बटण दाबायचा.

वैभवी शिकली, नर्स झाली, दोन वर्षांपूर्वी कॅनडात गेली. तिथं एका वृद्धाश्रमात नोकरी, घरापासून चाळीस किलोमीटर. यंदा तिनं जुनी जपानी गाडी घेतली आणि ऑक्टोबरात बापाला फोन केला, की इथं बर्फासाठी वेगळे टायर लागतात, कुठले घेऊ?

आता बन्सीनं बर्फ पाहिला होता तो मासळीच्या टेम्पोतला. पण लेकीनं विचारलंय म्हटल्यावर म्हातारा पेटला की. आठवडाभर मोबाईलवर व्हिडिओ बघितले, इंग्रजी कळलं नाही तिथं चित्रं बघितली. त्याला उमगलं ते असं, की गारठ्यात आपला नेहमीचा टायर लाकडासारखा कडक होतो आणि घसरतो; हिवाळ्याच्या टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं, आणि त्याच्या अंगावर डोंगर नि बर्फाची चांदणी असं चिन्ह असतं. तिकडचे लोक हे टायर वेगळ्या रिमवर चढवूनच ठेवतात, म्हणजे ऋतू बदलला की अख्खं चाकच बदलायचं. मग त्यानं तिला भलामोठा निरोप बोलून पाठवला. टायरचं माप गाडीच्या दाराच्या आत चिकटवलेलं असतं, तेच घे. रिमचं मधलं भोक हबवर, म्हणजे चाक चढतं त्या मधल्या गोल उंचवट्यावर, नीट बसतंय का बघ. आणि भोकं नुसती मोजू नकोस. ती ज्या गोलावर पाडलेली असतात त्या गोलाचं माप बघ, तुझ्या गाडीला ११४.३ मिलिमीटर लागतं. रिमच्या मागच्या अंगाला आकडा कोरलेला असेल, त्याचा फोटो मला पाठव, मगच पैसे दे.

फोटो आला, पण दोन महिन्यांनी, डिसेंबरातल्या एका सोमवारी, आणि तोही चाकं बसवून झाल्यावर.

संध्याकाळचे सहा वाजले होते, तिकडे सकाळ. धर्मेश जुन्या टायरच्या थप्पीवर बसून चहा पीत होता. बन्सीनं चष्मा लावून फोटो मोठा केला. कोरलेला आकडा होता ११२. त्यानं फोटो पुन्हा मोठा केला, आकडा काही बदलला नाही. मग त्यानं लेकीला व्हिडिओ कॉल लावला.

वैभवी थर्मासमधून चहा ओतून घेत होती, अंगावर जाडजूड कोट. तिनं हसत सांगितलं, की रात्रभर बर्फ पडला, गॅरेजवाले तीन आठवड्यांनंतरची तारीख देत होते, म्हणून कुणाच्या तरी जर्मन गाडीवरची चाकं विकत घेतली आणि शेजाऱ्याची गन आणून काल स्वतः बसवली. टायरचं माप शेवटच्या आकड्यापर्यंत बरोबर, डोंगर-चांदणीचं चिन्ह आहे, भोकं पाच आहेत. नट जरा अडत होते, पण गन लावल्यावर गेले. बापाची लेक शोभली ना, असंही म्हणाली.

बन्सी म्हणाला, ती चाकं तुझ्या गाडीची नाहीत, काढ. तिला आधी थट्टाच वाटली. मग ती चिडली. सलग सहा दिवस ड्युटी झाली होती, आज सातवा. नऊला पोचायचंय, तिथं आधीच माणसं कमी, एक आजी तिच्याशिवाय कुणाच्या हातची गोळी घेत नाही. शिवाय फरक केवढा, तर दोन मिलिमीटर.

"बसलंय ना, पप्पा," ती म्हणाली. "दमलेय मी. संध्याकाळी बघते."

 हे शब्द तिचे नव्हतेच, बन्सीचे होते. त्या दिवाळीत दुकानापुढे सहा गाड्यांची रांग होती आणि तो पहाटेपासून उभा होता. धर्मेशनं हौसेनं मुंबईच्या जुन्या बाजारातून चकचकीत रिमा आणलेल्या. बन्सीनं टेप लावली, पण पाच भोकांच्या रिमला भोकासमोर भोक नसतं, टेप कुठून कुठवर धरायची हाच घोळ, नजरेनं जमवलं. नट बोटांना अडला. दोन फेऱ्यांतच अडला. धर्मेशनं विचारलं होतं, बसतंय ना रे? आणि बन्सी म्हणाला होता, बसतंय की. मग गन लावली होती.

आता तो लेकीला काय सांगणार? तिरका चढलेला नट चालता चालता सैल होतो आणि चाक निखळतं म्हणून? ते तर तो मघापासून सांगत होता, आणि ती घड्याळाकडे बघत होती. दुसरं सांगण्यासारखं एकच होतं त्याच्याकडे. ते त्यानं सोजराबाईलाही कधी सांगितलं नव्हतं, आणि ज्याला सांगायला हवं होतं तो चार हातांवर बशीत चहा ओतत बसलेला. बन्सीला वाटलं, फोन घेऊन बाहेर जावं. त्यानं दाराकडे पाहिलंही. पण तोवर लेक किल्ली शोधायला लागली होती.

"बाळा, ऐक," तो म्हणाला. "धर्मेशकाकाची गाडी खड्ड्यानं गेली नाही. ते चाक मी बसवलं होतं. असंच, दोन मिलिमीटरनं चुकलेलं. नट तिरका चाललाय हे मला कळलं होतं. कळूनसुद्धा मी गननं ओढून बसवलं, कारण मी दमलो होतो."

तिकडे वैभवीनं किल्ली शोधायचं थांबवलं. इकडे बशी खाली ठेवल्याचा आवाज आला. बन्सीला धर्मेशकडे बघायचा धीर झाला नाही. आयुष्यात एवढी लाज त्याला कधी वाटली नव्हती.

धर्मेश उठला. कुबडी काखेत घेतली, दोन पावलं आला आणि बन्सीच्या हातातून फोन काढून घेतला.

"वैभू, मी धर्मेशकाका. जॅक लाव नि एक चाक खोलून बघ. नट बोटानं फिरला तर खुशाल जा. नाय फिरला तर कामाला दांडी मार. माझा पाय तुला म्हाईत हाय ना?"

ती हो म्हणाली. धर्मेशनं फोन बन्सीच्या हातात दिला, स्कूटरवर बसला आणि हवा न भरताच निघून गेला. पुढच्या चाकात हवा कमी होती, बन्सीला ते तिथूनही दिसलं. हाक मारायला तोंड नव्हतं.

अर्ध्या तासानं वैभवीचा फोटो आला. बोटांनी फिरवल्यावर पाचातला एकच नट पुरता आत गेलेला, बाकीचे वेडेवाकडे अडकलेले. खाली लिहिलं होतं, रजा सांगितली, जुनी चाकं परत लावतेय. त्याच्याखाली थोड्या वेळानं, काकांना माहीत नव्हतं का? बन्सीनं लिहिलं, नाही.

त्या रात्री त्यानं सोजराबाईला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, की इतकी वर्षं त्याच्यासंगं चहा कसा गेला तुमच्या घशाखाली? 

पुढच्या सोमवारी धर्मेश आला नाही. बन्सी दिवे लागेपर्यंत रस्त्याकडे बघत बसला. नंतरच्या सोमवारीही आला नाही. मंगळवारी सकाळी बन्सीनं दुकान उघडलं नाही; पायानं मारायचा पंप आणि हत्यारांची पिशवी घेतली आणि पाममध्ये धर्मेशच्या घरी चालत गेला. वाटेत काय बोलायचं ते त्यानं चार वेळा जुळवलं. अंगणात पोचल्यावर त्यातलं काही आठवेना.

धर्मेश ओटीवर बसला होता, खोटा पाय शेजारी काढून ठेवलेला. त्यानं ये म्हटलं नाही, जा पण म्हटलं नाही. स्कूटर अंगणात होती, चारी चाकं मऊ. बन्सीनं पंप लावला आणि हवा भरायला लागला. गुडघा दर दाबाला ओरडत होता. एक चाक झालं, दुसरं झालं. कोंबड्या मधून मधून येऊन बघून गेल्या. चौथ्या चाकापर्यंत त्याचा श्वास पुरेना, तरी थांबला नाही, कारण थांबलं तर बोलावं लागलं असतं.

शेवटी त्यानं पंप गुंडाळला, पिशवी उचलली आणि फाटकाकडे वळला. माफ कर म्हणायचं होतं, तेही जमलं नाही. वाईट वाटायचीही ताकद उरली नव्हती त्याच्यात.

"बन्सी," मागून धर्मेश म्हणाला. "डाव्या अंगाचं चाक खडखडतंय. नट बघून जा."

बन्सी परत फिरला आणि चाकाजवळ कसाबसा खाली बसला. पाना पिशवीत होता. तो त्यानं तिथंच राहू दिला आणि आधी नटाला बोटं लावली.