खोकल्याच्या बाटलीतलं तेल
निलगिरीचा वास आला की मला उस्मानपुऱ्यातली ती दुपार आठवते. आमच्या मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, वाफाऱ्यासाठी सुटं निलगिरी तेल आणलं आणि खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवलं. बाटली कधी फेकायची नाही, ही त्यांची जुनी खोड. दुपारी खोकल्याची ढास लागली, तशी त्यांनी तीच बाटली तोंडाला लावली. घोट पोटात गेल्यावर ओरडले, "मेलो!" उलटी काढावी म्हणून मी मिठाचं पाणी घेऊन धावले, तर मला खाला, म्हणजे मावशी म्हणणाऱ्या शेजारच्या भाभीनं माझा हात धरला. "खाला, उलटी मत कराओ, तेल छातीत जाईल! मैं रिक्षा बुलाती." रिक्षात वाटभर त्यांच्या श्वासाला निलगिरीचा वास येत होता आणि मी घाबरून त्यांनाच शिव्या घालत होते. दवाखान्यात संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं, मग डॉक्टर म्हणाले, "धोका टळला, घरी न्या." बाहेर येताच मालक बोलले, "खोकला मात्र थांबला बघ." "व्हय, तुम्हीपण थांबला असता," मी म्हटलं. आता तेलाच्या बाटलीला मी लाल चिंधी बांधते. सर्दीत मी वाफ घेताना बाहेरच्या खोलीतून त्यांचा खोकला ऐकू येतो, अन् मला बरं वाटतं.