भिंतीवरची जिवती

ओसाड इमारतींचे फोटो काढायचा नाद मला पन्नाशीत लागला. बायकोच्या मते, ज्यांना घरातली ओल आलेली भिंत दिसत नाही त्यांनाच हा नाद परवडतो. त्या रविवारी मात्र ती सोबत आली. बंद पडलेल्या साखर कारखान्याच्या कामगार वसाहतीत, छप्पर उडालेल्या एका खोलीत, भिंतीवरचा उजेड पाहून मी हरखलो आणि कॅमेरा डोळ्याला लावला.

“अहो, आधी बूट काढा. इथं देव होते.”

तेव्हा कुठे मला भिंतीवर चिकटवलेला जिवतीचा कागद दिसला. चित्रातली मुलं उन्हानं पार पुसट झाली होती, कुंकवाचा डाग तेवढा शिल्लक होता. श्रावणातल्या शुक्रवारी आई जिवतीपुढे पोरांना ओवाळते; पोरं लांब असली, की चारी दिशांना अक्षता टाकते. आमचा मनू परदेशी गेल्यापासून आमच्याकडे अक्षताच पडतात. कारखाना बंद झाल्यावर या घरातली पोरं कुठं कुठं पांगली असतील? त्यांची आई आता कुठल्या भिंतीपाशी उभी राहत असेल? मी बूट काढून अनवाणी उभा राहिलो.

“काढा आता फोटो,” बायको म्हणाली. “मनूला पाठवा. वर काही लिहू नका. कळेल त्याला.”

संध्याकाळी मनूचं उत्तर आलं. “बाबा, भिंतीवरचा उजेड काय भारी पकडलाय!”

तिनं ते दोनदा वाचलं, फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, “तुमच्यावरच गेलाय.”