सतरा नंबरचं शेत

अर्णव, सई,

तुमच्या आजीने आजवर तुम्हाला भुताची एकही गोष्ट सांगितलेली नाही. आमच्या घरी अंगारे-धुपारे कधी नव्हते. माझे वडील विहारातून घरी येतानासुद्धा प्रत्येक गोष्टीला "कशावरून?" विचारत. मी पुढे तीस वर्षं गणित शिकवलं. त्यामुळे हे वाचून तुम्ही "आजी, कोइन्सिडन्स लाह!" म्हणालात तरी मी रागावणार नाही. मेलबर्नला गेलात, पण तो सिंगापुरी 'लाह' काही सुटला नाही तुमचा.

सार्सची साथ येऊन गेली, त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. आम्ही सिंगापुरात सेरंगूनला सातव्या मजल्यावर राहत होतो. लिफ्टच्या पलीकडे मिस ब्रिजिट राहत — नाव बदललं आहे. मूळच्या आयर्लंडच्या, इथल्या शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, ऐंशीच्या पुढच्या. डोळे जवळजवळ गेले होते. त्यांच्याकडे खेड्याहूनही लहान अशा जमिनीच्या भागाला टाउनलँड म्हणतात — आपल्या शिवारासारखं. तिथल्या प्रत्येक शेताला नाव आणि प्रत्येक नावामागे काहीतरी घडलेलं. त्यांच्या टाउनलँडमध्ये तेवीस शेतं होती. "मी गेले की ही नावंही जातील, मिसेस गायकवाड," त्या म्हणाल्या. त्यांच्या पुतण्याला पाठवायची म्हणून मी ती लिहून घ्यायचं ठरवलं.

दर मंगळवारी दुपारी मी खालच्या हॉकर सेंटरमधल्या टपरीवरून दोन कोपी, म्हणजे इथली दाट कॉफी, घेऊन जायची. त्या डोळे मिटून बांधाबांधाने चालल्यासारखं सांगायच्या आणि मी तक्ता भरायची. नंबर, नाव, कुणाचं शेत, काय घडलं.

"तुम्ही माझ्या जुन्या हेडमिस्ट्रेसपेक्षा कडक आहात," त्या हसायच्या. "गाईचं नावसुद्धा विचारता!"

सतरा नंबरला मात्र त्या थांबल्या. "हे राहू दे. रिकामं सोडा."

"निदान नाव?"

"रिकामं सोडा."

तक्ता पूर्ण झाला. बावीस ओळी भरलेल्या आणि मध्ये एक कोरी. तुमचा बाबा वन-नॉर्थला ऑफिसात गेला की कॉम्प्युटर मला मोकळा असायचा. मी रोज ती ओळ बघायची... आणि मला ती खुपायची. आयुष्यात कधी अर्धवट रकाना सोडला नाही मी! शेवटी एका सकाळी भरून टाकली. माझ्या आईच्या माहेरच्या शिवारातलं एक वावर मला आठवत होतं, तेच लिहिलं — 'बिननावाच्या पोरीची पट्टी. बारशाआधी गेलेली मुलगी इथे पुरली. वर जात्याची फुटकी तळी पालथी ठेवली आहे. कोपरा कधी नांगरत नाहीत.' म्हटलं, कुणाला कळणार आहे? तक्ता तरी छान दिसेल.

मंगळवारी मी सगळा तक्ता वाचून दाखवला. सतरावर आल्यावर त्यांचा कप बशीवर वाजला.

"परत वाचा."

मी वाचलं.

"हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

मुलांनो, इथे मला थांबावंसं वाटतं. मी म्हणायला हवं होतं, 'मिस ब्रिजिट, चूक झाली, हे मी मनाने लिहिलं.' पण शाळेत बाई म्हणून मिरवलेली मी... मी म्हटलं, "तुम्हीच की. विसरलात?"

"मी? जात्याचंसुद्धा मी सांगितलं?"

"हो."

मग त्या बोलल्या. ते बाळ त्यांच्या थोरल्या बहिणीचं. लग्नाआधीचं. बाप्तिस्मा न झालेल्या बाळाला चर्चच्या आवारात जागा देत नसत, म्हणून वडिलांनी ते त्या शेतात पुरलं आणि आईने खूण म्हणून घरातलं फुटकं हातजातं पालथं ठेवलं. हे ठाऊक असणारी बाकीची सगळी माणसं गेली होती. कुणाला सांगणार नाही, असं मिस ब्रिजिटनी बहिणीला वचन दिलं होतं.

"साठ वर्षं पाळलं हो मी," त्या म्हणाल्या. "आणि म्हातारपणी तोंड सैल सुटलं."

मी मनाने लिहिलेलं सगळं जुळत होतं. तरीही मी खरं बोलले नाही.

त्यानंतर त्या बोलायच्याच बंद झाल्या. मी कोपी घेऊन जायची, त्या फक्त मान हलवायच्या. एकदा हात धरून म्हणाल्या, "मिसेस गायकवाड, माझ्या तोंडून काही निघालं तर लिहू नका." स्वतःच्याच तोंडाची भीती बसली होती त्यांना. ती मी बसवली होती. वर्ष संपायच्या आत त्या गेल्या.

मग मी गावी म्हाताऱ्या मामाला फोन लावला. त्या वावराबद्दल विचारलं.

"कुठली पट्टी?" तो हसायला लागला. "कमल, अगं असलं वावर आपल्या शिवारात कधी नव्हतं. तू सिंगापूरला बसून आमची जमीन वाढवायलीस का?"

मग ते माझ्या मनात आलं कुठून? आई सांगायची, असं मला अजूनही वाटतं. तुमचा बाबा म्हणाला, "त्यांनीच कधीतरी बोलता बोलता सांगितलं असेल, तू विसरलीस." म्हणजे मी खोटं बोललेच नाही! किती सोयीचं आहे हे. पण "तुम्हीच की" म्हणताना ते खोटं आहे, हे मला पक्कं माहीत होतं. वडिलांनी "कशावरून?" विचारलं असतं, तर एवढंच मी छातीठोकपणे सांगू शकले असते. बाकीचं मला आजही उलगडलेलं नाही.

पुतण्याला तक्ता पाठवण्याआधी मी ती ओळ पुसली. त्याचं उत्तर आलं — आभार, खूप आभार, आणि शेवटी एक शंका. सतरा नंबर राहिला का?

मी लिहिलं, "त्यांनी तो रिकामा सोडायला सांगितला होता."

त्या सगळ्या प्रकरणात माझ्या हातून गेलेलं तेवढंच एक खरं वाक्य.