सासूबाईंचा गोबरगॅस आणि कुजणारी ताटं

माझ्या सासूबाईंचा गोबरगॅस मी बंद पाडला. मी हायस्कूलला विज्ञान शिकवतो, हेही इथंच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी विचारायला नको.

सासरवाडी मुरगूडची. परड्यात चार म्हशी आणि त्यांच्या शेजारी जमिनीत बांधलेली गोबरगॅसची टाकी. रोज सकाळी मामी (सासूबाईंना मी मामी म्हणतो) शेणकाला कालवून नळातून आत सोडतात. तो आत हवेशिवाय कुजतो, गॅस धरतो, टाकीचं लोखंडी टोपण वर चढतं आणि स्वयंपाकघरात निळी ज्योत पेटते. मामींनी घरात सिलिंडर कधी येऊ दिला नाही. त्यांच्या थोरल्या जाऊबाई दर सणाला विचारतात, "काय गं, अजून शेणावरच रांधतीस?" आणि मामी दर सणाला सांगतात, "व्हय, आणि तुझा सिलिंडर सणादिवशीच संपतोय." मामींचा सगळा तोरा त्या टाकीवर उभा होता.

तर मेहुण्याच्या, म्हणजे संभाच्या मुलीचं बारसं निघालं. जेवायला दोनशे माणूस. संभा म्हणाला, "दाजी, पत्रावळ्या सांगू काय?" मी म्हटलं, छे! मी कोल्हापुरातून खास ताटं, ग्लास आणि चमचे घेऊन गेलो. दिसायला प्लास्टिक, पण मक्यापासून केलेलं. प्रत्येकावर एक हिरवं पान छापलेलं आणि खाली 'कुजणारे' असं लिहिलेलं. मी पंगतीत ताटं उचलून लोकांना ते पान दाखवत हिंडलो. (दोघांची आमटी सांडली. त्यांनी समजून घेतलं.)

पंगती उठल्यावर खरकट्या ताटांचा ढीग पडला. संभा काडेपेटी घेऊन निघाला, तसा मी आडवा आलो.

"जाळायचं नाही. टाकीत टाकायचं."

"कुठल्या टाकीत?"

"गोबरगॅसच्या. शेण कुजतं तसं हेही कुजणार. गॅस दुप्पट!"

मामींनी एक ताट उचललं आणि म्हशीपुढं धरलं. म्हशीनं वास घेतला आणि तोंड फिरवलं.

"पावणं, म्हस खाईना झालीया. टाकी खाईल व्हय?"

"मामी, टाकीतले जंतू वेगळे. त्यांना हवासुद्धा लागत नाही. मी मुलांना शिकवतो की हे."

शिकवण्याचं नाव काढल्यावर त्यांनी ताट परत ढिगावर ठेवलं. जावयाचा मान राखला बिचाऱ्यांनी. मी कात्री घेऊन बैठक मारली आणि दुपारभर दोनशे ताटांचे तुकडे केले. बोटांना फोड आले. चमचे आणि ग्लास कापले जाईनात, म्हणून ते अख्खेच सोडले.

आणि पहिल्याच आठवड्यात गॅस खरोखर वाढला! संभाचा फोन आला, "दाजी, टोपण पार वर आलंय." मी त्यावर वर्गात एक तास घेतला आणि शिक्षकांच्या खोलीत दोन. (तो गॅस ताटांना चिकटलेल्या भाताचा आणि बुंदीचा होता, हे पुढं कळलं. त्यात माझा वाटा फक्त कात्रीपुरता.)

काही महिन्यांनी अधिक महिना आला. या महिन्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालतात, नवे कपडे करतात. मी पांढरेशुभ्र कपडे घालून पाटावर बसलो. आत मामींनी धोंडे उकडायला ठेवले. ज्योत निळ्याची पिवळी झाली, पिवळीची काजव्याएवढी झाली आणि विझली.

बाहेरच्या सोप्यात बसलेल्या जाऊबाईंचा आवाज आला, "काय गं, शेण संपलं व्हय?"

मामींनी शेगडीची कळ उगाचच दोनदा फिरवून बघितली. दर सणाचं उत्तर आज उपयोगाचं नव्हतं, आणि मला फार वाईट वाटलं.

संभानं शेणकाल्याच्या नळात लांब आकडी घालून ओढली. आधी एक चमचा आला. मग ग्लास. मग माझ्या हातचे तुकडे, मुठी-मुठीनं. नळाचं आतलं तोंड त्यांनी हळूहळू बुजवत आणलं होतं, त्यामुळं रोजचं शेण आत पुरतं जातच नव्हतं. बादलीत बुचकळल्यावर सगळं लख्ख निघालं. हिरवं पानसुद्धा जसंच्या तसं.

"दाजी, ह्येच्यावर 'कुजणारे' लिवलंय न्हवं?"

"लिहिलंय."

"मग ह्येला कुणीतरी वाचून दावाय पायजे हुतं."

माळ्यावर ताटांचं रिकामं खोकं होतं. त्यावर मुंगीएवढ्या अक्षरात छापलं होतं: फक्त मोठ्या कंपोस्ट कारखान्यात, साठ अंशांच्या आसपास कुजते. म्हणजे चांगली उष्णता मिळाली, तर हे प्लास्टिक मोडतं आणि मग कुठं जंतूंचा दात लागतो. आमची टाकी आंघोळीच्या पाण्याएवढीसुद्धा गरम नसते. हवा असो वा नसो, तिथं ते वर्षानुवर्षं सुखानं राहिलं असतं.

मी सोप्यात जाऊन सगळ्यांसमोर सांगितलं, "चूक टाकीची नाही, मामींची नाही. माझी आहे."

जाऊबाई म्हणाल्या, "असला जावई असल्यावर सिलिंडरच घ्यावा बाई."

तेवढ्यात मामी आतून सोप्यात आल्या. "जावई माझा हाय, टाकी बी माझीच हाय. दोन्ही दुरुस्त करून घीन."

धोंडे चुलीवर शिजले. दुसऱ्या दिवशी सहा जणांनी टोपण उचललं आणि दोन दिवस आम्ही बादल्यांनी टाकी उपसली. कपडे मी बदलले नाहीत, तेवढी तरी शिक्षा मला हवी होती. मग टाकी नव्या शेणानं भरली आणि मी रोज फोन करून टोपणाची चौकशी करू लागलो. मामी चुलीवर रांधत होत्या, डोळे चोळत होत्या, पण सिलिंडरचं नाव काढू देत नव्हत्या.

काही आठवड्यांनी फोन आला.

"पावणं, पेटला." मागं कुकरची शिट्टी झाली. मला इतका आनंद झाला की मी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना चहा सांगितला.

"मामी, रविवारी येतो. कोल्हापुरातनं काय आणू?"

"काय बी नको. पिशवी बी नको. हात हलवत या."

आमच्याकडं हात हलवत सासरी गेलेल्या जावयाला वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. मी गेलो. मामी दारातच उभ्या होत्या. माझे दोन्ही हात मोकळे आहेत हे त्यांनी नीट बघितलं, संभाला माझे खिसे चाचपायला सांगितले, आणि मगच पायांवर पाणी घातलं.