तिसरा पुकारा

रावपुऱ्यात माझ्या दवाखान्याखाली झेरॉक्सचं दुकान आहे. गरम कागदाचा वास वर आला की मला मेडिकलच्या प्रवेशाचा तो हॉल आठवतो. वेटिंग लिस्टवर माझा पहिला नंबर होता. एकच जागा उरली होती आणि तिच्यावर हंसा नावाच्या मुलीचा हक्क होता. पाचपर्यंत ती आली नाही, तर जागा माझी.

पावणेपाचला मी आणि बाबा हॉलच्या दाराशी उभे होतो. खेड्यातले एक काका घामाघूम होऊन आले, मागे त्यांची मुलगी. तिच्या फाइलवर स्केचपेनने मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: हंसा.

"साहेब, एडमिशन क्यां थाय छे?" काकांनी गुजरातीत प्रवेशाची जागा विचारली.

बाबा शाळेत गणित शिकवायचे. चुकीच्या उत्तराला अर्धा मार्कसुद्धा द्यायचे नाहीत. त्यांनी फाइलवरचं नाव वाचलं आणि शांतपणे मागच्या इमारतीकडे बोट केलं. "त्यां, त्रीजे माळे."

काकांनी हात जोडले. मुलगी माझ्याकडे बघून हसली. मीही हसले.

पाच वाजता क्लार्कने नियमाप्रमाणे तिचं नाव तीनदा पुकारायला सुरुवात केली. तिसऱ्या पुकाऱ्याला बाहेरच्या फरशीवर धावत्या चपलांचा आवाज आला. बाबांनी हॉलचं दार हळूच लोटून घेतलं. मी सही केली.

आज सकाळी एका म्हाताऱ्याने विचारलं, "बेन, एक्स-रे क्यां?" मी त्याचा हात धरून एक्स-रेवाल्याच्या दारापर्यंत सोडून आले.

माझी नर्स सगळ्यांना सांगते, आमच्या मॅडम फार मायाळू आहेत.