गणपतीआधी धुतलेली चादर

मुलीचं मांजर मी गणपतीत गावाला नेलं होतं, ही गोष्ट मी चारचौघांत हसत सांगते. मांजर टोपलीत कसं रडलं, मी कशी वैतागले, असं सगळं रंगवून. पुढचं मी सांगत नाही.

मुलगी नोकरीसाठी परदेशी गेली तेव्हा ते माझ्या गळ्यात पडलं. मला मांजरांचं काडीचं कौतुक नव्हतं. पण ती रोज व्हिडिओ कॉल करायची, आधी मांजर बघायची, आणि मग "तू जेवलीस का गं?" असं मला विचारायची. मांजराच्या मागून का होईना, माझा नंबर लागायचा. मला तेवढं पुरत होतं.

गणपतीत रत्नागिरीजवळ सासरच्या घरी जायचं म्हणजे जायचंच. डोंबिवलीत मांजर ठेवणार कोणाकडे? शेजारीपाजारी सगळे आपापल्या गावाला. मुलीने फोनवर सूचनांचा पाढा वाचला. निघण्याआधी खायला देऊ नकोस. टोपली झाकून ने. पोचल्यावर दोन-तीन दिवस एकाच खोलीत ठेव. आणि मांजराची चादर आहे तशीच दे, धुऊ नकोस. ही चादर मुलीचीच, कॉलेजच्या वेळची. चार वर्षं मांजर तिच्यावर झोपलेलं, केसांनी आणि वासाने भरलेली. "आई, परक्या जागी तिला ओळखीचं तेवढंच असेल," ती म्हणाली. मी हो हो म्हटलं.

मांजर खेडपर्यंत रडलं. आमचे हे गाडी चालवत होते, मी मागे टोपली मांडीवर घेऊन. खेड सोडल्यावर ते एकदम गप्प झालं. मी म्हटलं, चला, एकदाचं रमलं. ते भीतीने गार झालं होतं हे मला आज कळतं. तेव्हा मात्र मी टोपलीत वाकूनही पाहिलं नाही, हातखंब्याला वळेपर्यंत छान डुलकी काढली.

घरी मोठ्या जाऊबाईंनी सगळी तयारी केलेली होती. दुसऱ्या दिवशी गणपती. आमच्याकडे गणपतीआधी घरात न धुतलेलं फडकंसुद्धा राहत नाही. अंथरुणं, गोधड्या, पायपुसणी, सगळं विहिरीवर जातं. मांजराला दिलेली खोली नेमकी मखराच्या भिंतीपलीकडे. मी टोपली उघडली आणि त्या चादरीचा वास नाकात बसला. देव घरात यायचा, नि भिंतीपलीकडे ही घाण? जाऊबाई एका शब्दाने बोलल्या नव्हत्या. माझं मलाच वाटलं, मुंबईवाली आली नि घर बाटवलं असं व्हायला नको. उचलली चादर, विहिरीवरच्या दगडावर साबण लावून आपटली, दोन पाण्यांतून काढली आणि हवा दमट म्हणून चुलीवर वाळवली.

थोड्या वेळाने मुलीचा फोन आला.

"चादर दिलीस ना तिला?"

"दिली की."

"धुतली नाहीस ना?"

"नाही गं बाई, किती विचारशील."

खोटं इतकं सहज बाहेर पडलं की मलाच त्याचं काही वाटलं नाही.

मांजराने चादर हुंगली आणि ते मागे सरकलं. साबण आणि धूर, त्याच्या ओळखीचं काय उरलं होतं तिच्यात? कपाटामागे जाऊन बसलं ते बसलंच. खाणं नाही, पाणी नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गणपती आले. अंगणात ताशा वाजला, फटाक्यांची माळ लागली, आणि त्याच गडबडीत आरतीचं तबक काढायला खोलीचं दार मीच उघडलं. पायांशी काहीतरी निसटल्यासारखं वाटलं, तेवढंच.

दोन दिवस मी आरतीला उभी आणि लक्ष परसात. दगडी गडग्याच्या कडेने, आंब्याच्या कलमांखाली हाका मारून घसा बसला. मुलीला सांगत होते, झोपलंय गं, उठवत नाही. बैल गेला नि झोपा केला म्हणतात. मी तर झोपाही केलेला नव्हता, आणि बैल घरातच आहे म्हणून सांगत सुटले होते.

तिसऱ्या दिवशी जाऊबाईंना ते गोठ्यातल्या लाकडांच्या ढिगामागे दिसलं. मी धावले, तसं ते आणखी आत गेलं.

"तू घरात जा बघू," जाऊबाई म्हणाल्या. "भ्यालेलं जनावर हाका मारून येतं काय गो?"

त्यांनी अंगावरचं पातळ बदललं आणि उतरवलेलं तसंच आणून ढिगाजवळ टाकलं. मग सूप घेऊन ढिगाकडे पाठ केली आणि तांदूळ निवडत बसल्या. बोलल्या नाहीत की वळून बघितलं नाही. मी मागच्या दारातून बघत होते. बऱ्याच वेळाने ते बाहेर आलं, पातळ हुंगलं आणि त्यावर अंग टाकलं. मला रडू आलं. खरं सांगते, आनंदापेक्षा मत्सरानेच जास्त.

निघायच्या दिवशी टोपली पुढे केली तर त्याने माझा हात ओरबाडला, टोपलीतच घाण केली आणि थरथरत राहिलं. "राहू दे गो तिला," जाऊबाई म्हणाल्या. "परत तोच प्रवास कशाला तिच्या जिवाला?" मी राहू दिलं.

मुलीला त्यांनीच फोनवर सगळं सांगितलं. तुझी आई आल्या आल्या चादर धुवायला बसली, मग असं झालं, मग तसं झालं, अगदी कौतुकाने. मी तिला काय सांगून ठेवलं होतं ते बिचाऱ्या जाऊबाईंना काय माहीत. मग मुलीचा मला फोन आला. ती भांडली असती तर बरं झालं असतं, भांडण मला जमतं.

"धुतलीस त्याचं काही नाही गं," ती म्हणाली. "मी रोज विचारत होते, आई."

"अगं, देव यायचा होता घरात."

"हो. बरोबर आहे," ती म्हणाली आणि तिकडच्या हवेबद्दल बोलायला लागली.

चुकलं माझं, हे मी तिला अजून म्हटलेलं नाही. एरवी माझी जीभ कोणाचं ऐकत नाही, त्या दोन शब्दांना मात्र अडते. मुलगी दर रविवारी मला फोन करते, औषधं वेळेवर घेतेस ना, विचारते. जाऊबाईंना रोज करते. मांजर बघून झालं तरी बराच वेळ त्यांच्याशी बोलत बसते. तिने तिकडे घर बदललं, हे मला जाऊबाईंकडून कळलं.